चाल कुणाची, कडवं कुणाचं

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते गोधड्या पिळायचं. गणपती आठ दिवसांवर आले होते आणि पावसानं एक दिवस उघडीप दिली होती. वहाळावर तिनं चार गोधड्या आपटल्या, पायांनी तुडवल्या आणि एक टोक माझ्या हातात दिलं. मी दर खेपेला चुकीच्या अंगाला पिरगळतो. पीळ पडायच्या ऐवजी सुटतो. पन्नास वर्षांत मला ते जमलं नाही. ती म्हणाली, "अवो, एकानं सोडायचं आनि एकानं पिळायचं म्हनलं तर पानी काय आपसूक निघंल?" आणि लगेच पुढं म्हणाली, "हे मी नाय म्हनत हां. तुमची आय म्हनायची."

हीच तिची खोड. दुसऱ्याचं वाक्यसुद्धा ती स्वतःच्या नावावर खपवायची नाही.

ती गेल्यावर लोक येऊन सांगतात, देवमाणूस होती. देवमाणूस काय नव्हती. हट्टी होती, भांडकुदळ होती, आणि चारचौघांत माझी लाज काढायची तिला सवय होती. पण जे ज्याचं ते त्याचं, या एका गोष्टीत मी तिच्यासारखा माणूस दुसरा बघितला नाही. पोलादपुरात नाही, महाडात नाही, आणि बिरवाडीच्या कारखान्यात मी सतरा गावची माणसं बघितली, त्यांच्यातही नाही.

पाहुणा जेवायला बसला की घासाघासाला हिशेब. "आमटी माझी. पन ही फोडनी कापडे गावच्या नणंदेची. लोनचं माझ्या मावशीच्या हातचं, मी नुसतं ढवळलंय." पाहुणा बिचारा "छान झालंय" म्हणायच्या आधी विचारात पडायचा, की आता कुणाला म्हणायचं? शिवी दिली तरी तेच. एकदा दूधवाल्यावर अशी काय उखडली की गल्ली गोळा झाली. दोन जबरदस्त शिव्या हासडल्या आणि दम घ्यायला थांबली तेव्हा म्हणाली, "पयली माझ्या सासूची हाय. दुसरी माझी." दूधवाला हसायलाच लागला. भांडण तिथंच संपलं.

माझीही एक गोष्ट सांगतो, खरं कशाला लपवू. शेजारच्या बांधावर एक रायवळ आंबा होता, साखरेसारखा. मी एक दिवस त्याची काडी छाटून आणली आणि आमच्या रोपावर कलम बांधलं. विचारलं नाही. झाड काय बोलतंय? पाच-सहा वर्षांनी आमच्या झाडाला आंबे धरले. पहिली पाटी उतरवली तशी हिनं ती डोक्यावर घेतली आणि सरळ शेजाऱ्याच्या ओटीवर नेऊन ठेवली.

"भावजी, हे तुमच्या झाडाचं. ह्यांनी चोरून काडी आनली होती."

मी मागं उभा. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालेलं. शेजारी मिशीत हसला. म्हणाला, "वयनी, मला म्हाईत हाय. छाट बघूनच कळलं. असा वेडावाकडा कोयता तुमच्याच घरात चालतो."

त्याच्यानंतर दर वर्षी पहिली पाटी त्यांच्याकडं. तो म्हातारा गेला, तरी त्याच्या सुनेकडं.

आणि गाणी. खरं म्हणजे गाण्यांसाठीच तिला लोक ओळखायचे. गौरीच्या दिवसात आणि लग्नाच्या हळदीला तिला लांब लांब नेत. पण गाणं सुरू करायच्या आधी ती थांबणार आणि सांगणार: चाल अमक्या वाडीच्या अमकीची, पहिलं कडवं माझं, दुसरं तिच्या आत्याचं. कधी कधी हे सांगणं गाण्याहून लांब व्हायचं. एका लग्नात भटजी चिडले. म्हणाले, "बाई, आटपा, मुहूर्त टळतोय माझा." ही म्हणाली, "मुहूर्त तुमचा कुठला? पंचांग लिवनाऱ्याचा. थांबा जरा."

कुणाची चाल आवडली तर ती नुसती उचलायची नाही. आमच्या बायकांत पूर्वी रीत होती, आता कुणी पाळत नाही. ज्या बाईनं चाल बांधली तिच्या दारात जायचं, नारळ आणि खण ठेवायचा, आणि "ही चाल मला गाऊ द्या" म्हणून मागायची. ती हो म्हणाली तर घ्यायची.

वर डोंगरात एक वाडी आहे. तिथल्या एका बाईची गौरीची चाल हिला फार आवडली. आमचं लग्न होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. दोन तासांची चढण, नारळाची पिशवी माझ्या खांद्यावर. ती बाई म्हणाली, "नाय देनार." आम्ही नारळ घेऊन परत. दुसऱ्या वर्षी पुन्हा चढलो. ती म्हणाली, "आधी माझी दोन गानी चुकल्याबिगर म्हनून दाखव." हिनं एकच म्हणून दाखवलं, दुसऱ्यात अडखळली. परत. मी वाटेत म्हणालो, "गो, इथंच कुठंतरी बसून नारळ फोडून खाऊया आनि खाली जाऊन गा की. डोंगराला काय ऐकू जातंय?" ती माझ्याशी गाव येईपर्यंत बोलली नाही. तिसऱ्या वर्षी बाईनं नारळ घेतला.

त्या चालीवर हिनं गौरीचं गाणं रचलं. माझ्या आईनं चुलीपुढं बसून ते ऐकलं आणि दुसरं कडवं आपण जोडलं. गाणं असं:

गवर आली गो, घाट उतरून आली गो,
पायाचा चिखल तिच्या कोन धुईल गो?

आणि आईचं कडवं:

लेक धुईना, जाऊ धुईना, कामात गुंतल्या गो,
सासू धुईल पाय तिचे, लेक म्हनून गो.

माझी आई तोंडाची फाटकी होती. सुनेला तिनं कमी छळलं नाही. पण हे कडवं तिनं केलं आणि त्या दिवसापासून दोघींचं भांडण निम्म्यावर आलं, एवढं मी डोळ्यानं बघितलं.

हे गाणं गेल्या साली हरवलं. हरवलं म्हणजे आमच्याकडून काढून घेतलं. ते कसं, ते सांगतो.

माझी पुतणी बिरवाडीला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवते. तिनं तीन वर्षांपूर्वी वाडीतल्या बायकांचं एक चॅनेल काढलं, मोबाईलवर बघतात तसलं. त्यात हिचं हे गाणं घातलं. ही एकटीच उभी, मागं बायका टाळ्या देतायत. सुरुवातीला अर्थातच ते सगळं सांगणं: चाल कुणाची, कडवं कुणाचं. मुंबईला गेलेली आमची माणसं ते बघायची आणि फोन करायची.

मग बिरवाडीला एका हळदीत टेंपोवर मोठाले डबे लावून गाणी चालली होती, आणि त्यातून हिचाच आवाज आला. "गवर आली गो", आणि मागं धडाम धडाम. तेवढ्या दोनच ओळी पुन्हा पुन्हा. ही पदर खोचून टेंपोजवळ गेली.

"कुनाचं रे हे गानं?"

"कुनाचं नाय, आजी. नेटवरचं हाय."

"म्हंजे रस्त्यावर पडलेलं का? रस्त्यात चप्पल सापडली तरी कुनाच्या तरी पायातली असते."

पोरगा चांगला होता. त्यानं मोबाईल उघडून दाखवलं. मुंबईच्या कुठल्याशा गाण्यांच्या कंपनीनं ते काढलं होतं. खाली कंपनीचं नाव, वाजवणाऱ्याचं नाव, मशीनवर गाणं जुळवणाऱ्याचं नाव. गाणारीचं नाही, वाडीचं नाही, माझ्या आईचं नाही.

ती रागावली, पण खरा घाव महिन्याभरानं बसला. पुतणी रडत आली. चॅनेलवरचा आमचा मूळ व्हिडिओ बंद केला होता. व्हिडिओ दाखवणारी जी परदेशी कंपनी आहे तिचं मशीन गाणी ताडून बघतं. मशीनला दोन्हींत सारखा आवाज सापडला. मुंबईवाल्यांनी आपलं गाणं आधी नोंदवलेलं, आम्ही कुठं काय नोंदवलं नव्हतं. म्हणून चोर आम्ही. उत्तर द्या, नाहीतर व्हिडिओ कायमचा पुसू, असं मशीननंच कळवलं. आणि पुतणीनं ज्या मोबाईलवर तो काढला होता तो केव्हाच मोडीत गेलेला. तो व्हिडिओ तेवढाच.

उत्तर लिहायला पुतणी बसली आणि ही तिला सांगायला बसली. तिथंच आमचा घात झाला. शहाण्या माणसानं लिहिलं असतं, गाणं माझं. हिनं लिहायला लावलं: "चाल माझी नाही, वरच्या वाडीच्या बाईची आहे. दुसरं कडवं माझ्या सासूचं आहे. बाकी माझं." चार दिवसांत तिकडून जबाब आला. तुम्हीच कबूल करता की हे तुमचं नाही, सबब तुमचं म्हणणं फेटाळलं. आता एकच वेळ दाद मागता येईल, तीही ठरल्या तारखेच्या आत.

मी म्हणालो, "गो, आता तरी सगळं तुझंच म्हनून लिव. ती वरची म्हातारी काय परदेशात जाऊन बघतेय?"

दोन दिवस अबोला. ताट वाढताना तेवढी बोलायची. "भात माझा, आमटी माझी, मीठ दुकानातलं. खोटं काय नाय ह्यात. जेवा."

मग आम्ही महाडला गेलो. चवदार तळ्याच्या बाजूला एक वकीलबाई बसतात, तरुण आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी जबाबासोबत आलेला मुंबईवाल्यांचा कागद वाचून दाखवला. त्यात होतं, की हे पारंपरिक लोकगीत आहे आणि लोकगीतावर कुणाचाही हक्क नसतो.

ही म्हणाली, "कुनाचा नाय, मग ह्यांचा कसा?"

वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "काकी, मोठमोठ्या देशांच्या बैठकांत वर्षानुवर्षं हाच प्रश्न अडलाय. औषध शोधलं, मशीन शोधलं, तर त्याला नाव असतं, तारीख असते, नोंद असते. त्यांच्या मालाला कायदा कडक. आपल्याकडची गाणी, बियाणं, झाडपाला, हे सगळ्यांचं म्हणून कुणाचंच नाही. तुमच्या गाण्याला तारीख कुठाय?"

"हाय की. माझ्या दुसऱ्या बाळंतपनाचं वरीस."

"आणि तक्रार इथं चालत नाही, त्यांच्या नियमानं तिकडं चालते."

"गवर इथली, गानं इथलं, भांडान इथलं. आनि कचेरी तिकडं?"

"हो, काकी."

त्याच्या आधी मुंबईवाल्यांचा एक माणूस फोनवर गोड बोलून गेला होता. एक कागद पाठवला होता, सही करा म्हणाला, व्हिडिओ लगेच सुरू करतो. वकीलबाईंनी तोही वाचला. गाण्याचे सगळे हक्क, कायमचे, संपूर्ण विश्वात, आज असलेल्या आणि पुढं निघणाऱ्या सगळ्या यंत्रांवर.

"विश्वात म्हंजे कुठवर?" हिनं विचारलं.

"सगळीकडं. चंद्रावरसुद्धा."

"चंद्रावर कोन गवर आनतंय?" असं म्हणून ती एवढी हसली की वकीलबाईंचा कारकून बाहेरून डोकावला. मग हसू थांबवून म्हणाली, "त्याला मी विचारलं होतं, तिघींची नावं घालशील का? तो म्हनाला, एकच बसतं. मग म्हनलं, माझं तरी कशाला?"

वकीलबाईंनी कोरा कागद पुढं ओढला. मग त्यांनी विचारलं, "काकी, त्या बाईंनी तुम्हाला चाल गायची परवानगी दिली होती?"

"नारळ ठेवलाय मी!"

"लेखी?"

"नारळ लेखी असतो का?"

"मग आता लेखी आणा. चाल मी हिला दिली, एवढंच. अंगठा चालेल. आणि सासूबाईंच्या कडव्यासाठी त्यांचा वारस लागेल. कोण आहे?"

हिनं माझ्याकडं बोट केलं. "हे काय बसलेत. इतका वेळ कुनी इचारलं नाय म्हनून गप हायत."

मी तिथंच सही केली. चौथी शिकलोय, सही येते. माझ्या आईच्या नावानं घर आलं, शेत आलं, पण तिचं कडवं माझ्याकडं आलंय हे मला त्या दिवशी कळलं.

म्हातारीसाठी वकीलबाईंनी कागद टाईप करून दिला, शाईची डबी पण दिली. पण पाऊस असा लागला की वरच्या वाडीची वाट दरड येऊन बंद. मी म्हणालो मी एकटा जातो, कुठूनतरी. ती ऐकेना. "चाल मी मागितली, कागद मीच मागनार. तुमचं काय काम?" तारीख जवळ जवळ आली. गावच्या पोरांनी वाट मोकळी केली तेव्हा तारीख उद्यावर आली होती. आणि त्याच दिवशी ऊन पडलं. ती म्हणाली, "आज गोधड्या, उद्या वाडीवर. एक दिस उनाचा मिळालाय, तो वाया नाय घालवायचा."

गोधड्या वाळत घातल्या. आल्यावर जेवली. ताट धुतलं. "जरा पडते," म्हणाली. चहाच्या वेळेला मी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. मग हात लावला.

डॉक्टर आला, बघून गेला. मुलगा मुंबईहून रात्री नऊला पोचला. मध्यरात्रीच्या आत सगळं उरकलं. किती पटकन उरकतं ते. सकाळी जी मला पीळ कसा द्यायचा ते शिकवत होती तिला रात्री अग्नी देऊन आम्ही आंघोळी करून घरी आलो. पुतणी कोपऱ्यात बसून होती. ती एवढंच म्हणाली, "काका, त्या व्हिडिओत काकीचा आवाज हाय." मी म्हणालो, "मला ठाऊक हाय." उद्याची तारीख शेवटची, हेही दोघांना ठाऊक होतं.

सकाळी उजाडल्याबरोबर मी कागद आणि डबी पिशवीत घातली आणि पायात चपला सरकवल्या. मुलगा म्हणाला, "बाबा, सुतक आहे. दहा दिवस कुठं जायचं नसतं." भावकीतला एक जण ओटीवरून ओरडला, "अरे, काल बायको गेली नि आज हा बाजाराला निघाला का?" मी पिशवी खांद्याला लावून वाटेला लागलो.

वाट निसरडी होती. दोन तासांची चढण मला तीन तास लागली. म्हातारी आता नव्वदीच्या घरात, डोळ्यांनी दिसत नाही. दारात बसली होती. मी खळ्यातच उभा राहिलो, सुतक म्हणून पायरी चढलो नाही.

"कोन गो?"

"मी. खालचा. गानारनीचा दादला."

"आन ती?"

मी म्हणालो, "कागदावर अंगठा पायजे. चाल तू तिला दिलीस म्हनून." सगळी हकीगत सांगितली. तिनं ऐकून घेतली.

"दिली होती. खोटं नाय. पन तिला पाठव. चाल तिला दिली, कागद तिलाच देईन. तू तेव्हा बी नारळ फोडून खायच्या गोष्टी करत होतास. तिनं सांगितलंय मला."

खोटं बोलायला मी कधी घाबरलो नाही. गुडघा दुखतो म्हणून आली नाही, एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण निघालं ते दुसरंच.

"काल गेली ती."

म्हातारीनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. मग तिनं विचारलं, "जेवली होती?"

"जेवली होती."

"बरं." मग तिनं हात पुढं केला. "ये, धर अंगठा."

"मला सुतक हाय."

"मग मला बी हाय. धर."

मी पायरी चढलो. शाई लावली. अंगठा टेकायच्या आधी ती म्हणाली, "वाच काय लिवलंय."

मी एक एक अक्षर लावत वाचलं. गौरीच्या गाण्याची चाल मी स्वतः बांधली असून ती मी अमुक बाईस गाण्यासाठी दिली.

"चुकलंय," म्हातारी म्हणाली. "दिली ते खरं. बांधली मी नाय. माझ्या आयनं बांधली. ते लिव आधी, मग अंगठा."

मला काय झालं कुणास ठाऊक. कालपासून डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं. तिथं त्या पायरीवर बसून मी रडलो, आणि मधेच हसलोही. म्हातारी अंगठा तसाच वर धरून बसली, शाई वाळत होती. मग मी पिशवीतलं पेन काढलं, "मी स्वतः" खोडलं आणि तिच्या आईचं नाव विचारून माझ्या हातानं वर लिहिलं. वेडंवाकडं आलं, पण वाचता येतं. मग तिनं अंगठा दाबला.

तिथून उतरलो तो सरळ पोलादपुरात, मिळाली त्या गाडीनं महाडला. कपडे कालचेच. वकीलबाईंना कुणीतरी कळवलं होतं, त्या मला बघून उभ्याच राहिल्या. मी कागद टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, आणि हळूच म्हणाल्या, "काका, ही तर चार नावं झाली. तिकडं एकच घालतात."

मी म्हणालो, "चारही लिवा."